ग्रामीण काउंट्यांतील नवनिर्मिती आणि पेटंटांची संख्या: हे मोजमाप कितपत भरवशाचे?

कोरडवाहू (धागाकर्ता)

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील काही ग्रामीण काउंट्यांचे (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) विकास आराखडे तयार करणाऱ्या एका प्रादेशिक कार्यालयात मी काम करतो. प्रत्येक आराखड्यात काउंट्यांची तुलना करणारा एक तक्ता असतो. लोकसंख्या, कौटुंबिक उत्पन्न, पदवीधरांचे प्रमाण असे रकाने संपले की शेवटी ‘दर दहा हजार नोकऱ्यांमागे पेटंटे’ हा रकाना येतो, आणि ‘नवनिर्मिती’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा तो एकटाच असतो. ग्रामीण काउंट्यांपुढे तिथे शून्य किंवा शून्याच्या जवळपासचा आकडा दिसतो आणि बैठकीत कोणीतरी ‘इथे नवे काही घडतच नाही’ असे म्हणून मोकळे होते. हा निष्कर्ष त्या आकड्यातून खरोखर निघतो का, यावर जाणकारांची मते हवी आहेत.

आधी आकडा कसा तयार होतो ते सांगतो. अमेरिकी पेटंट कार्यालयाने २००० ते २०१५ या वर्षांचे काउंटीनिहाय तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांत केवळ ‘युटिलिटी’ प्रकारची पेटंटे, म्हणजे यंत्रे, प्रक्रिया, रसायने वगैरेंची पेटंटे, धरलेली आहेत; आणि प्रत्येक पेटंट त्यावर ज्या शोधकाचे नाव पहिले आहे त्याच्या निवासाच्या काउंटीत जमा केलेले आहे. शोधकांच्या नावांच्या क्रमाला कायद्यात काही अर्थ नसतो. तरीही तिघांच्या शोधात पहिले नाव मिनीॲपोलिसच्या उपनगरात राहणाऱ्याचे असले आणि उरलेले दोघे दूरच्या ग्रामीण काउंटीत राहत असले, तर त्या काउंटीच्या खात्यावर काहीच पडत नाही. शोध कोणत्या कार्यशाळेत लागला, कोणत्या शेतात किंवा कारखान्यात वापरला गेला, माल कोठे तयार झाला आणि रोजगार कोणाला मिळाला, यांपैकी कशाचीही नोंद या आकड्यात नाही.

एक उदाहरण मला नेहमी आठवते. कोलोरॅडोतील स्ट्रासबर्ग येथील फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने शेताच्या मध्यबिंदूभोवती स्वतःहून फिरणाऱ्या तुषार सिंचन यंत्रासाठी १९४९ मध्ये अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. १९५४ मध्ये उत्पादनाचे हक्क नेब्रास्कात ओमाहाजवळ असलेल्या व्हॅली या गावातील रॉबर्ट डॉहर्टी यांच्या कारखान्याकडे गेले आणि यंत्र शेतकऱ्याला परवडेल, सतत बिघडणार नाही, असे करण्याचे बरेचसे काम तेथे झाले. विमानातून नेब्रास्का आणि कान्सासवर जी हिरवी वर्तुळे दिसतात ती या यंत्राची. आता मोजणीच्या नियमाने पाहा. एक पेटंट, तेही स्ट्रासबर्गच्या नावे. हे गाव ज्या ॲडम्स आणि अरापाहो काउंट्यांच्या सीमेवर आहे त्या आज डेन्व्हर महानगर क्षेत्रात मोडतात, त्यामुळे आजच्या वर्गवारीने मोजल्यास विसाव्या शतकातील कोरडवाहू शेतीतला एक मोठा बदल महानगराच्या खात्यावर जातो. ज्या काउंट्यांनी हे यंत्र स्वीकारले, त्याप्रमाणे पिके बदलली, विहिरी खोल केल्या आणि पुढे ओगलाला भूजलसाठ्याच्या उपशाची किंमतही मोजली, त्यांच्यापुढे शून्य.

हा रकाना ठेवावा, बदलावा की काढून टाकावा?

त्रैराशिक

काढून टाकू नये, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

पेटंटांच्या मर्यादा अर्थशास्त्रज्ञांना ठाऊक नाहीत असे नाही. झ्वी ग्रिलिकेस यांनी १९९० मध्येच या विषयाचा दीर्घ आढावा घेतला होता आणि त्यात स्पष्ट म्हटले होते की सर्व शोध पेटंट घेण्याजोगे नसतात, जे असतात त्या सर्वांचे पेटंट घेतले जात नाही, आणि जे घेतले जाते त्यांच्या गुणवत्तेत प्रचंड तफावत असते. तरीही ते आणि त्यांच्यानंतरचे संशोधक ही आकडेवारी वापरत राहिले, कारण दुसरे काही नाही. अमेरिकेत ३,१०० हून अधिक काउंट्या आहेत. त्या प्रत्येकीसाठी, दरवर्षी, एकाच नियमाने गोळा झालेली, तंत्रज्ञानाच्या वर्गवारीसह उपलब्ध असलेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेता येणारी दुसरी कोणती नोंद आहे? १८३६ च्या आगीत आरंभीचे दस्तऐवज जळाले खरे, पण त्यानंतरची मालिका अखंड आहे.

पहिल्या नावाची अडचण सुटण्यासारखी आहे. पेटंट कार्यालयाच्याच ‘पेटंट्सव्ह्यू’ या माहितीसंचात प्रत्येक शोधकाचे ठिकाण स्वतंत्रपणे मिळते, त्यामुळे तीन शोधकांच्या पेटंटाचे तीन भाग करून ज्याच्या त्याच्या काउंटीत टाकता येतात. मंजुरीच्या वर्षाऐवजी अर्जाचे वर्ष धरावे, कारण दोहोंत दोन वर्षे किंवा अधिक काळ सहज जातो आणि तो विलंब कार्यालयाच्या कामाचा असतो, काउंटीचा नव्हे.

खरी अडचण लहान संख्यांची आहे. तीन हजार वस्तीच्या काउंटीत एका वर्षी एका व्यक्तीला पेटंट मिळाले की दर लाखामागे ३३ असा आकडा येतो आणि पुढच्या वर्षी तो शून्य होतो. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती. तिथल्या एखाद्या निवृत्त अभियंत्याला पेटंट मिळाले तर दर लाखामागे दीड हजारांहून अधिक पेटंटांची ती काउंटी सिलिकॉन व्हॅलीलाही मागे टाकेल. शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही म्हणून सगळीकडे एक मिळवून गणित करण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यामुळे लहान काउंट्यांचे उत्तर त्या मिळवलेल्या एकावरच ठरते. अशा ठिकाणी वार्षिक दर छापूच नये. पाच-सहा वर्षांची बेरीज घ्यावी आणि पुष्कळ शून्ये असलेल्या आकड्यांसाठीच आखलेली सांख्यिकी प्रतिमाने वापरावीत.

सुतारपक्षी

यंत्रनिर्मितीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून कारखान्याच्या बाजूने लिहितो.

त्रैराशिक, तुमच्या सर्व दुरुस्त्या केल्या तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. पेटंट घेणे हा एक व्यावसायिक निर्णय आहे आणि तो शोधाच्या दर्जापेक्षा स्पर्धेच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असतो. औषधनिर्मितीत रेणू उघड होतो आणि नक्कल सोपी असते, म्हणून पेटंटाशिवाय गत्यंतर नसते. धातूकाम, लाकूडकाम, अन्नप्रक्रिया, शेती अवजारे या उद्योगांत, जे ग्रामीण भागात तुलनेने अधिक आहेत, साच्याची रचना किंवा वेल्डिंगचा क्रम बाहेरच्याला दिसतच नाही. तो गुपित ठेवणे स्वस्त पडते. अमेरिकी उद्योगांच्या १९८० आणि १९९० च्या दशकांतील मोठ्या पाहण्यांत बहुतेक क्षेत्रांतील व्यवस्थापकांनी पेटंटापेक्षा गोपनीयतेला आणि बाजारात आधी पोहोचण्याला अधिक महत्त्व दिले होते. आणखी मागे जायचे तर आर्थिक इतिहासाच्या अभ्यासक पेट्रा मोझर यांनी १८५१ च्या लंडन प्रदर्शनातील वस्तूंची नोंद तपासली, तेव्हा ब्रिटिश प्रदर्शनवस्तूंपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास वस्तूंना पेटंट होते असे दिसले. प्रदर्शनात मांडण्याइतक्या नव्या वस्तूंची ही स्थिती असेल, तर कार्यशाळेच्या कोपऱ्यात झालेल्या सुधारणेचे काय?

नॉर्थ डकोटातील ग्विनर हे गाव सार्जंट काउंटीत आहे. काउंटीची लोकसंख्या चार हजारांच्या आत. मिनेसोटातील रॉथसे येथे सिरिल आणि लुई केलर या बंधूंची दुरुस्तीची कार्यशाळा होती. एका टर्की-पालकाच्या शेडमधील खांबांच्या दाटीत वळू शकेल असे लहान लोडर त्यांनी १९५७ च्या सुमारास बनवून दिले. ग्विनरच्या मेल्रो कंपनीने १९५८ मध्ये ते स्वतःकडे घेतले, बंधूंनाही कामावर घेतले, आणि १९६० मध्ये चार चाकांचे मॉडेल आले. हेच पुढे ‘बॉबकॅट’ या नावाने जगभर बांधकामावर दिसणारे यंत्र. त्यांच्या क्लच-रचनेचे पेटंट मंजूर झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे यंत्र विक्रीला येऊन काही वर्षे लोटल्यावर. ग्विनरच्या दृष्टीने निर्णायक घटना १९५८ ची होती: एक यंत्र पाहून ते बनवायचे ठरवणे. त्या घटनेला पेटंट नसते.

शिवाय मुख्यालयाचा परिणाम आहेच. कंपनी मोठी झाली की कायदा विभाग शहरात जातो, रचना विभागाचा काही भागही जातो. मिनेसोटात कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो या गावात १९५४ मध्ये सुरू झालेल्या पोलॅरिस या बर्फावरची वाहने बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आज मिनीॲपोलिसजवळच्या मेडिना येथे आहे, कारखाना मात्र रोझोत चालू आहे. उत्पादन रेषेवरच्या माणसाने सुचवलेली सुधारणा अर्जापर्यंत पोहोचेपर्यंत शोधक म्हणून कोणाची नावे लागतात, हे या व्यवसायातले लोक जाणतात.

ओसरी

दोन्ही बाजू पटतात, पण दोन काउंट्यांची नावे चर्चेत यायलाच हवीत.

न्यूयॉर्क राज्यातील स्टुबेन काउंटी अधिकृत वर्गवारीत महानगरीय नाही, तरीही तिथली पेटंटसंख्या कित्येक महानगरांना लाजवेल अशी आहे. कारण एकच: कॉर्निंग कंपनी आणि तिची संशोधन प्रयोगशाळा. ज्यातून जाताना प्रकाश फारसा क्षीण होत नाही असा प्रकाशतंतू १९७० मध्ये इथेच तयार झाला, मोटारींचा धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकी परिवर्तकांतील सिरॅमिक जाळीही इथलीच. दुसरी इंडियानातील कॉशिअस्को काउंटी. तिच्या वॉर्सॉ या गावात रेव्हरा डिप्यू यांनी १८९५ मध्ये मोडलेल्या हाडांसाठी तयार मापाच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. त्यांच्याकडचा विक्रेता जस्टिन झिमर याने १९२७ मध्ये वेगळी कंपनी काढली. १९७७ मध्ये बायोमेट आली. आज सांधेरोपणाच्या उद्योगात या गावाला राजधानी मानतात.

या दोन्ही ठिकाणी पेटंटांचा आकडा बऱ्यापैकी खरे सांगतो, मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. स्टुबेनचा आकडा एका कंपनीच्या संशोधन खर्चाचा आलेख आहे. कंपनीने प्रयोगशाळा हलवली तर तो एका दशकात कोसळेल. कॉशिअस्कोत मात्र एका कंपनीतून दुसरी निघाली, पुरवठादार वाढले, यंत्रकाम करणारी लहान दुकाने उभी राहिली, आणि तिथे पेटंटांचे अनेक धारक दिसतात. म्हणून एकूण संख्येबरोबर ती किती वेगवेगळ्या धारकांत विभागली आहे हे दिले, तर तक्ता अधिक बोलका होईल. काटेरी तारेच्या काळातले इलिनॉयमधील डीकॅल्ब असेच होते. जोसेफ ग्लिडन यांचे प्रसिद्ध पेटंट १८७४ चे, पण त्याच गावात जेकब हेश आणि आयझॅक एलवूड हेही तारेच्या मागे लागलेले होते. त्या काळच्या पेटंट नोंदी पाहणाऱ्याला डीकॅल्बमध्ये काहीतरी शिजते आहे हे नक्की कळले असते.

बांधावरून

शेतीचा मुद्दा धाग्यात निसटता आला आहे. ग्रामीण काउंट्यांविषयी बोलताना तो मध्यवर्ती असायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याची रचनाच अशी आहे की शेतीतील नवनिर्मितीचा मोठा भाग युटिलिटी पेटंटांच्या बाहेर पडतो. कलम, छाटणी अशा मार्गांनी वाढवल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठी १९३० चा स्वतंत्र वनस्पती-पेटंट कायदा आहे, त्यातूनही बटाट्यासारखी कंदपिके वगळलेली. बियाण्यापासून वाढणाऱ्या वाणांसाठी १९७० चा वाणसंरक्षण कायदा आहे आणि तो तर पेटंट कार्यालयाकडे नसून कृषी खात्याकडे आहे. काउंटीच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टी येत नाहीत. १९३० च्या आधीच्या वाणांची तर कोठेच नोंद नाही. वेस्ट व्हर्जिनियातील क्ले काउंटीत एका डोंगराळ शेतावर आपोआप उगवलेल्या सफरचंदाच्या झाडाची फळे मिसुरीच्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेकडे पोहोचली. त्यांनी १९१४ मध्ये ते झाड पाच हजार डॉलरना विकत घेतले, भोवती कुंपण घातले, आणि ‘गोल्डन डिलिशस’ या नावाने त्याची कलमे देशभर विकली. झाड हेरणे, ते जपणे, कलमे करून बाजार उभा करणे, यांत नवनिर्मिती नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली? काहीही उत्तर दिले तरी पेटंटांच्या तक्त्यात क्ले काउंटी कोरीच राहते.

दुसरे उदाहरण संकरित मक्याचे. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये आयोवात संकरित बियाण्याची कंपनी काढली. या बियाण्याचे संरक्षण कायद्यापेक्षा जीवशास्त्राने अधिक केले, कारण साठवलेले बी पुढच्या वर्षी तसे उत्पन्न देत नाही आणि मूळ वाण कंपनीच्या ताब्यात गुप्त राहतात. मात्र खरे काम शेताच्या पातळीवर झाले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी आयोवातील दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९४३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दोन वगळता सर्वांनी १९४१ पर्यंत संकरित मका स्वीकारलेला होता, परंतु बहुतेकांनी आधी थोड्या जमिनीवर लावून, शेजाऱ्याचे पाहून, हळूहळू क्षेत्र वाढवले होते. इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. त्रैराशिक यांनी ज्या ग्रिलिकेस यांचा दाखला दिला, त्यांनी १९५७ मध्ये याच संकरित मक्याच्या प्रसारावर निबंध लिहिला होता, आणि त्यात आयोवा आधी व अलाबामा नंतर का, याचे उत्तर नफ्याच्या हिशेबात आणि स्थानिक हवामानाला जुळणारे वाण केव्हा तयार झाले यात शोधले होते. पेटंट मोजण्याची गरजच त्यांना पडली नाही.

(अवांतर: आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीने तयार केलेला एचएमटी तांदूळ आठवला. भारतीय पेटंट कायद्यात शेतीच्या पद्धतीच पेटंटबाह्य आहेत आणि वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे जिल्हानिहाय पेटंटे मोजली तर नागभीड तालुक्याच्या वाट्याला हे काम येणार नाही. इथे अमेरिकेची चर्चा आहे, म्हणून एवढेच.)

कोरडवाहू

बांधावरून, स्वतःहून उगवलेल्या झाडाला नवनिर्मिती म्हणावे का, याबद्दल मी साशंक आहे. ते झाड निपजले हा योगायोग होता. स्टार्क बंधूंनी केले तो व्यापार होता. सगळ्याच चांगल्या गोष्टींना नवनिर्मिती म्हणायचे ठरवले तर मोजण्यासारखे काही उरणार नाही, आणि मग पेटंटवाले म्हणतील की निदान आमच्याकडे एक निकष तरी आहे.

तरीही तुमचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे. देवळाच्या भिंतीवरील देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या मोजून गावाची भक्ती ठरवावी, तसे आमच्या तक्त्याचे झाले आहे. पाट्या खऱ्या असतात, देणग्याही खऱ्या असतात, परंतु ठरावीक रकमेच्या वर दिल्याशिवाय पाटी लागत नाही. पेटंटाचेही तसेच: वकिलाच्या शुल्कासह अनेक हजार डॉलरचा खर्च असतो. २०११ च्या कायद्याने अगदी लहान अर्जदारांसाठी शुल्कात मोठी सवलत आणली, पण ती सरकारी शुल्कात आहे, वकिलाच्या बिलात नाही. आणि आमच्या भागातील कित्येक काउंट्यांत पेटंटांचे काम करणारा एकही वकील राहत नाही.

तिरकस रेघ

एक पैलू राहिला आहे आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘ग्रामीण काउंट्या’ हा गट स्थिर नाही.

दर जनगणनेनंतर केंद्र सरकार महानगर क्षेत्रांच्या सीमा नव्याने ठरवते. ग्रामीण काउंटीत कारखाना आला, लोकसंख्या वाढली, शेजारच्या शहरात कामाला जाणारे वाढले, की ती महानगरीय ठरते आणि ‘ग्रामीण’ यादीतून बाहेर पडते. मागील सत्तर वर्षांत शेकडो काउंट्या अशा बाहेर पडल्या. जी यशस्वी होते तिचे नावच बदलते. यादीत उरतात त्या ज्यांची वाढ झाली नाही. मग उरलेल्यांची सरासरी काढून ‘ग्रामीण भाग मागे पडतो’ म्हणणे म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांना वर्गाबाहेर काढून वर्गाचा निकाल लावणे आहे. स्ट्रासबर्गचे उदाहरण धागाकर्त्याने ओघात दिले, पण ते अपवाद नाही. ती यंत्रणाच तशी आहे. तुलना करायचीच असेल तर आरंभीच्या वर्षाची वर्गवारी गोठवून करावी.

माणसांचेही तेच होते. फायलो फार्न्सवर्थ यांनी दूरचित्रवाणीची मूळ कल्पना आयडाहोतील रिग्बी येथे शाळेत असताना आपल्या शिक्षकाला फळ्यावर काढून दाखवली होती, आणि पुढे पेटंटाच्या वादात त्या शिक्षकाची साक्ष उपयोगी पडली. अर्ज मात्र १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातून झाला. निवासाच्या पत्त्याने मोजले तर रिग्बीचे योगदान शून्य. शोधकाचे बालपण कोणत्या काउंटीत गेले हे धरून मोजणी केली तर ग्रामीण अमेरिकेचे चित्र बरेच वेगळे दिसेल, अर्थात त्याने आज त्या काउंटीत काय घडते आहे हे कळणार नाही.

त्रैराशिक

तिरकस रेघ यांचा वर्गवारी गोठवण्याचा मुद्दा निर्विवाद आहे. आता पर्यायांविषयी, कारण केवळ दोष दाखवून तक्ता भरत नाही.

अमेरिकी कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन सेवेने २०१४ मध्ये ग्रामीण आस्थापनांच्या नवनिर्मितीची एक खास पाहणी केली. टिमोथी वोजान हे तिच्यामागचे प्रमुख संशोधक. ‘तुम्ही नवीन उत्पादन आणले का’ असा सरळ प्रश्न विचारला की बहुतेक जण होय म्हणतात, हे ओळखून त्यांनी अधिक खोचक प्रश्न विचारले: अर्धवट सोडलेला किंवा फसलेला प्रयत्न आहे का, ग्राहकांच्या तक्रारींची नोंद ठेवून तिचा उपयोग करता का, स्वतःची कल्पना जपण्यासाठी काही करता का. जो खरोखर नवे करतो त्याच्याकडे फसलेले प्रयत्न असतातच, हा त्यामागचा तर्क मला फार आवडला. या उत्तरांच्या जुळणीवरून त्यांनी भरीव नवनिर्मिती करणारे आणि नाममात्र करणारे असे गट वेगळे काढले. निष्कर्ष असा की भरीव नवनिर्मितीचे प्रमाण शहरांत जास्त आहेच, परंतु शहर-ग्रामीण दरी पेटंटांच्या आकड्यांत दिसते तिच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ही पाहणी शेतीबाहेरच्या, किमान पाच कर्मचारी असलेल्या आस्थापनांची होती, त्यामुळे बांधावरून यांचे शेतकरी तिच्यातही नाहीत आणि केलर बंधूंची कार्यशाळाही बहुधा नसती. दुसरे म्हणजे ती देशपातळीवरील तुलनेसाठी आखलेली आहे. एकेका लहान काउंटीचा आकडा तिच्यातून निघत नाही. म्हणजे जिथे कोरडवाहू यांना रकाना भरायचा आहे, नेमकी तिथेच ती थांबते.

ओसरी

इंडियाना विद्यापीठातील व्यवसाय संशोधन केंद्राने केंद्रीय आर्थिक विकास प्रशासनाच्या पाठबळाने काउंटीनिहाय नवनिर्मिती निर्देशांक तयार केला आहे, तोही पाहावा. त्यात पेटंटांबरोबर शिक्षण, उद्योगांची उलाढाल, गुंतवणूक असे अनेक घटक आहेत. माझी तक्रार एवढीच की घटक वाढले की वजने कोणी ठरवली हा प्रश्नही वाढतो, आणि शिक्षणाला नवनिर्मितीचा घटक धरले तर विद्यापीठ असलेली प्रत्येक काउंटी आपोआप नवनिर्मितीक्षम ठरते.

या संदर्भात चीनचा अनुभव विसरू नये. तिथे स्थानिक सरकारांनी पेटंट अर्जांना अनुदाने दिली, अर्जांचा पूर आला, आणि अखेर २०२१ मध्ये केंद्रीय पेटंट प्रशासनाला पेटंटांवरील अनुदाने टप्प्याटप्प्याने २०२५ पर्यंत बंद करण्याचा आदेश काढावा लागला. आराखड्यातील रकान्यावर निधी अवलंबून राहू लागला, तर आमच्याही काउंट्या एखाद्या निवृत्त गृहस्थाला अर्जासाठी पैसे देऊ लागतील.

बांधावरून

ज्याला पेटंट लागत नाही अशा एका ग्रामीण उपयोगाच्या नवनिर्मितीचे उदाहरण देतो. न्यू मेक्सिको विद्यापीठातील डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हिपॅटायटिस-सी च्या तज्ज्ञ उपचारांसाठी रुग्णाने शेकडो मैल प्रवास करण्याऐवजी त्याच्या गावच्या डॉक्टरला दृक्श्राव्य माध्यमातून नियमित मार्गदर्शन द्यायचे, अशी ही पद्धत. ती पुढे अनेक देशांत गेली. तिच्यात यंत्र नवे नव्हते. कामाची मांडणी नवी होती. काउंटी आरोग्य केंद्राने ती स्वीकारली का, हे विचारण्याजोगे आहे आणि मोजण्याजोगेही.

कोरडवाहू

सर्वांचे आभार. आमच्या पुढील तक्त्यात मी असे सुचवणार आहे: शोधकनिहाय विभागलेली पेटंटे, अर्जाच्या वर्षाने, पाच वर्षांची बेरीज, दर न काढता, शेजारी धारकांची संख्या, वाणसंरक्षण प्रमाणपत्रांसाठी वेगळा रकाना, आणि ‘नवनिर्मिती’ हा मथळा काढून ‘पेटंट नोंदी’ असा साधा मथळा. शेवटची सूचना सर्वांत कठीण जाईल, असा माझा अंदाज आहे, कारण मथळा बदलला की तो रकाना कोणाला दाखवण्यासारखा राहत नाही.

एक तांत्रिक प्रश्न उरतो. एकेकट्या काउंटीऐवजी कामासाठी ये-जा होणाऱ्या काउंट्यांचे गट करून मोजले तर?

त्रैराशिक

जरूर करावे. कृषी खात्याच्या त्याच संशोधन सेवेने जनगणनेतील प्रवासाच्या माहितीवरून असे गट पाडलेले आहेत. २००० च्या जनगणनेवर आधारित गट सातशेच्या आसपास आहेत. न्यू मेक्सिकोतील लॉस ॲलामोसचे उदाहरण घ्या. अण्वस्त्र संशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा लॉस ॲलामोस काउंटीत आहे, पण तिथे काम करणारे कित्येक जण सँटा फे आणि रिओ अरिबा काउंट्यांत राहतात. निवासाने मोजल्यावर रिओ अरिबासारख्या गरीब काउंटीच्या नावे जी पेटंटे दिसतात, त्यांचा तिथल्या अर्थव्यवस्थेशी संबंध एवढाच की शोधक संध्याकाळी घरी परततो. गट केला की ही विसंगती नाहीशी होते. मात्र गटात मोठे शहर असले तर ग्रामीण काउंट्या पुन्हा त्याच्या सरासरीत बुडतात, म्हणून गटाचा आकडा आणि काउंटीचा आकडा दोन्ही शेजारी छापावेत आणि कोणता कशासाठी वाचायचा ते तक्त्याखाली एका ओळीत लिहावे.